घरातील वाद्य आणि मनाचा विसावा : गगनबावडा व करवीर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आजच्या धकाधकीच्या जीवनात 'ताणतणाव' हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. ताण हलका करण्यासाठी जे उपाय सुचविले जातात त्यांत घरच्या घरी एखादे वाद्य वाजविणे हा उपाय आवर्जून सांगितला जातो. हार्मोनियम, तबला, बासरी, सतार, अलीकडच्या काळात गिटार किंवा कीबोर्ड, यांपैकी एखादे वाद्य शिकावे, दिवसातून अर्धा तास त्यात रमावे, म्हणजे मनावरचे ओझे उतरते, असे सांगणारे लेख व व्याख्याने वारंवार वाचनात आणि ऐकण्यात येतात. हा सल्ला नवा वाटतो. परंतु त्यामागील व्यवहार जुना आहे. दिवसभराच्या कामानंतर मन मोकळे करण्यासाठी मनुष्य घरात वाद्याजवळ केव्हापासून बसू लागला, कोणाला तसे बसता आले, कोणाला आले नाही, आणि त्या बसण्याला समाजाने वेगवेगळ्या काळी कोणते नाव दिले, हे प्रश्न इतिहासाचे आहेत.

संगीताचा इतिहास सामान्यतः घराणी, दरबार, मैफली आणि रंगभूमी यांच्या आधारे लिहिला जातो. घरात, श्रोत्यांविना, केवळ स्वतःसाठी झालेले वादन त्यात क्वचितच येते. त्याची बिदागी कोणी दिली नाही, त्याचे तिकीट निघाले नाही, म्हणून त्याची नोंदही झाली नाही. प्रस्तुत शोधनिबंधात या दुर्लक्षित व्यवहाराचा विचार कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाकडील गगनबावडा आणि त्याला जोडलेला करवीर परिसर यांच्या संदर्भात केला आहे.

उद्दिष्टे

१. घरगुती वाद्यवादनाकडे पाहण्याच्या दृष्टीत काळानुरूप झालेले बदल समजून घेणे.
२. करवीर परिसरात वाद्य घरात येण्याची सामाजिक व भौतिक कारणे शोधणे.
३. वाद्य हे कोणासाठी विसावा आणि कोणासाठी राबणूक होते, याचा विचार करणे.
४. आजच्या 'ताणमुक्ती'च्या कल्पनेस ऐतिहासिक संदर्भ देणे.

संशोधन पद्धती

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून संगीतविषयक ग्रंथ, चरित्रे, प्रादेशिक इतिहास आणि समाजशास्त्रीय लेखन या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

गगनबावडा : भूगोल आणि इतिहास

गगनबावडा हे कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. येथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. गावाच्या माथ्यावरील गगनगड हा किल्ला शिलाहार काळातील मानला जातो. मराठ्यांच्या इतिहासात बावड्याचे नाव पंत अमात्यांमुळे ठळक झाले. शिवछत्रपतींच्या पश्चात स्वराज्य सावरणारे आणि 'आज्ञापत्र' हा राजनीतीवरील ग्रंथ ज्यांच्या नावाशी जोडला जातो ते रामचंद्रपंत अमात्य यांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर होती. पुढे ही जहागीर करवीर संस्थानाच्या अधीन राहिली आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर संस्थानी व्यवस्था संपली.

या भागाचे वैशिष्ट्य म्हणजे पाऊस. महाराष्ट्रातील अतिपावसाच्या ठिकाणांत गगनबावड्याची गणना होते. जून ते सप्टेंबर या काळात दरडी कोसळून घाटातील वाहतूक अनेकदा बंद पडते. भात आणि नाचणीच्या लावणीचे दिवस कष्टाचे असतात. परंतु लावणी आटोपल्यावर श्रावण-भाद्रपदातील लांब, ओल्या संध्याकाळी माणसे घरात आणि देवळात अडकून पडतात. भजनाला रंग चढतो तो याच काळात. येथील घरगुती संगीताचा विचार करताना हा ऋतुक्रम विसरून चालत नाही. मात्र ज्या ऋतूत वाद्याजवळ बसण्यास सवड मिळते, तोच ऋतू वाद्याचा शत्रू असतो. दमट हवेने पखवाजाचे चामडे सैल पडते, हलगी शेकोटीवर शेकल्याशिवाय बोलत नाही, हार्मोनियमचे लाकूड फुगून पट्ट्या अडकतात आणि पितळी सुरांवर गंज चढतो. त्यामुळे येथे वाद्य बाळगणे म्हणजे त्याची निगा राखणे असते. पेटी कापडात गुंडाळून चुलीच्या उबेजवळ, पण धुरापासून दूर ठेवावी लागते.

नाद आणि देह : जुनी परंपरा

संगीत आणि मनःस्वास्थ्य यांचा संबंध आधुनिक काळात प्रथम जोडला गेला असे नाही. जुन्या करारात शौल राजाचे व्याकूळ मन दावीदाच्या वीणावादनाने शांत होत असे, अशी कथा आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या संदर्भातील सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ याच भूमीत सिद्ध झाला. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या कारकिर्दीत (१२१० ते १२४७) शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. तो स्वतः यादवांच्या पदरी लेखा विभागातील अधिकारी होता आणि आयुर्वेदाचाही जाणकार होता. स्वराध्यायाच्या आरंभी त्याने 'पिंडोत्पत्ती' प्रकरणात मानवी देहाची उत्पत्ती व रचना यांचे विवेचन केले आहे. स्वर समजण्याआधी देह समजला पाहिजे, कारण नाद देहात जन्मतो, ही त्यामागील भूमिका होय. हिशेबाच्या कामात दिवस घालविणारा एक राजसेवक संगीताकडे इतक्या गांभीर्याने वळतो, ही गोष्ट आजच्या कार्यालयीन जीवनात गुंतलेल्या वाचकास जवळची वाटावी अशी आहे.

तथापि शास्त्रग्रंथ हे सामान्य घरापर्यंत पोहोचलेले नव्हते. सामान्य माणसाच्या घरात वाद्य पोहोचविण्याचे कार्य वारकरी संप्रदायाने केले. वीणा, एकतारी, टाळ आणि मृदंग ही त्याची वाद्ये. यांतील टाळ व एकतारी ही वाद्ये स्वस्त, शिकण्यास सुलभ आणि एकट्याला पुरेशी आहेत. भिंतीवर खुंटीला टाळ अडकविलेले आहेत, असे दृश्य महाराष्ट्राच्या खेड्यांत आजही आढळते. या वादनाला कोणी 'करमणूक' म्हणत नसे. ती उपासना होती. परंतु दिवसभर शेतात राबलेल्या माणसाला संध्याकाळच्या भजनातून जे मिळत असे त्यात मन हलके होण्याचा भाग नव्हता असे म्हणता येणार नाही. उपासना हे त्या विसाव्याचे समाजमान्य नाव होते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

सह्याद्रीच्या या पट्ट्यात धनगर समाजाची वस्ती आहे. डोंगरकपारीला असलेले धनगरवाडे, ढोल आणि कैताळ यांच्या साथीने होणारे गजनृत्य, आणि गुरे-मेंढरांमागे हिंडताना वाजविला जाणारा पावा ही येथील संगीताची दुसरी धारा. ढोल हा समूहाचा आणि देवाचा. पावा हा एकट्याचा. रानात दिवसच्या दिवस एकटे राहणाऱ्या गुराख्याने बांबूच्या नळीशी साधलेला संवाद हा घराबाहेरचा असला तरी स्वरूपाने स्वान्तःसुखायच होता.

जाते : स्त्रियांचे अनामिक वाद्य

घरातील स्त्रीच्या हाती मात्र वाद्य नव्हते. टाळ, मृदंग, एकतारी ही प्रामुख्याने पुरुषांच्या हातात राहिली. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने वाद्य वाजविणे हे तर दीर्घकाळ कलावंतिणींच्या व्यवसायाशी जोडले गेल्याने निषिद्ध मानले गेले. अशा परिस्थितीत स्त्रियांनी कामाच्या साधनालाच सूर दिला. पहाटेच्या अंधारात जात्याची घरघर अखंड चालू असे आणि त्या आधारस्वरावर ओवी उभी राहत असे. माहेर, सासुरवास, भाऊ, विठ्ठल, मेलेले मूल, न बोलता येणारे दुःख, हे सर्व ओवीत आले. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून सुमारे एक लाख ओव्यांचे संकलन केले. एवढ्या मोठ्या संख्येचा अर्थ असा, की ही अभिव्यक्ती अपवादात्मक नव्हती. तो स्त्रीजीवनाचा नित्यक्रम होता.

जाते हे वाद्य नव्हे, हे खरे. परंतु तंबोरा जे कार्य गायकासाठी करतो तेच कार्य जाते स्त्रीसाठी करीत होते. एक फरक मात्र निर्णायक आहे. तंबोऱ्यापाशी मनुष्य स्वेच्छेने बसतो. जात्यापाशी स्त्रीला बसावेच लागे. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, स्त्रीचे कष्ट कमी झाले, आणि त्याबरोबर ओवीचे निमित्तही गेले. गिरणी येणे ही इष्ट गोष्टच होती. पण जात्याच्या जागी स्त्रीच्या हाती दुसरे कोणते वाद्य आले नाही, ही उणीव नोंदविणे आवश्यक आहे.

वाजविणे : कोणाचा विसावा, कोणाची राबणूक

घरगुती वाद्यवादनाचा इतिहास हा केवळ रसिकतेचा इतिहास नाही. गावगाड्यात वाद्य वाजविण्याचे काम ठरावीक जातींकडे होते. देवळात गुरव, लग्नकार्यात व मिरवणुकीत सनई-सूर धरणारे होलार आणि घडशी, हलगी वाजविणारे मातंग, ही व्यवस्था दक्षिण महाराष्ट्रात सर्वत्र होती. कोल्हापुरात कुस्तीच्या आखाड्यापुढे वाजणारी हलगी आणि घुमके आजही प्रसिद्ध आहेत. या वादकांचे कौशल्य असामान्य होते, परंतु त्यांना ते हवे तेव्हा वाजविण्याचा किंवा नको तेव्हा न वाजविण्याचा अधिकार नव्हता. उन्हातान्हात, उपाशीपोटी, मिरवणुकीच्या पुढे चालत वाजविणे हे त्यांचे जातीने ठरविलेले काम होते. ज्या हलगीच्या तालावर गाव बेभान होत असे, त्या हलगीवाल्याला गावाच्या देवळात प्रवेश नव्हता.

म्हणून 'वाद्य वाजविल्याने ताण कमी होतो' हे विधान सरसकट करता येत नाही. एकाच वाद्याने एकाला विसावा आणि दुसऱ्याला शीण दिला आहे. दोघांमधील फरक सुरांत नसून स्वातंत्र्यात आहे. वाद्य खाली ठेवण्याचे स्वातंत्र्य ज्याला आहे त्यालाच ते उचलण्यात आनंद असतो. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात बलुतेदारी व वतनी बंधनांविरुद्ध जे कायदे केले आणि स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली, त्या घटना सहसा संगीताच्या इतिहासात मांडल्या जात नाहीत. परंतु वाजविणे ही सक्ती न राहता निवड व्हावी, या दिशेने टाकलेली ती पावले होती. दलित चळवळीतील अनेकांनी पुढे हलगीसारखे वाद्य जाणीवपूर्वक नाकारले. तेही त्या निवडीचेच एक रूप होते.

करवीर : कलानगरी आणि घरातील पेटी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यमवर्गीय घरात संगीताला प्रवेश मिळू लागला. १८७४ मध्ये पुणे गायन समाजाची स्थापना झाली. कोल्हापुरात गायन समाज देवल क्लब ही संस्था १८८३ पासून कार्यरत आहे. वकील, शिक्षक, कारकून, व्यापारी अशा नोकरी-व्यवसायातील माणसांनी कामाच्या वेळेनंतर एकत्र येऊन गाणे ऐकावे, शिकावे, ही कल्पना त्या काळी नवीन होती. १८९५ मध्ये उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५ ते १९४६) शाहू महाराजांच्या आश्रयास आले आणि १९२२ पर्यंत कोल्हापूर हे त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. दरबारातील गाण्याचे संस्कार शहरातील घराघरांत झिरपण्यास या सर्व गोष्टी कारणीभूत झाल्या.

घरात वाद्य येण्यासाठी केवळ आवड पुरेशी नसते. वाद्य परवडले पाहिजे, मिळाले पाहिजे आणि वाजविता आले पाहिजे. कोल्हापूरजवळील मिरज येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी तंतुवाद्ये घडविण्यास सुरुवात केली. फरीदसाहेब शिकलगार यांचे नाव या परंपरेचे आद्य कारागीर म्हणून घेतले जाते. शस्त्रांचा काळ संपला आणि तेच हात तंबोरा व सतार घडवू लागले. पंढरपूर-मंगळवेढे भागातील भोपळे वापरून बनणाऱ्या मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. मात्र तंबोरा आणि सतार ही घरे मर्यादितच राहिली. ती जुळविण्यास तयार कान लागतो आणि शिकविण्यास गुरू लागतो.

खरी क्रांती केली ती हार्मोनियमने. फ्रान्समध्ये अलेक्झांद्र देबँ याने १८४० च्या दशकाच्या आरंभी या वाद्याचे एकस्व घेतले. युरोपातील मूळ वाद्याला पायाने भाता मारावा लागे व वाजविणारा खुर्चीवर बसे. १८७५ च्या सुमारास कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता चालविण्याची, जमिनीवर बसून वाजविण्याजोगी आटोपशीर पेटी तयार केली. या एका बदलाने परके वाद्य भारतीय बैठकीत मांडी घालून बसले. हार्मोनियमचे सूर कारखान्यातच जुळविलेले असल्याने ते लावण्याची खटपट नाही. नवशिक्यालाही पहिल्या दिवशी पट्टी दाबताच स्वच्छ स्वर मिळतो. एकट्याने वाजवावे, गाताना साथ घ्यावी, भजनात वापरावे, मुलांना शिकवावे, अशी सर्व कामे ते करते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'ने सुरू झालेल्या संगीत नाटकांच्या पदांनी महाराष्ट्र वेडावला होता. ऐकलेले पद घरी वाजवून पाहण्याची सोय पेटीने केली. मराठी माणसाने तिला दिलेले 'पेटी' हे घरगुती नावच तिच्या स्वीकाराची साक्ष देते.

कोल्हापूर जिल्ह्यातील सांगवडे येथे जन्मलेले गोविंदराव टेंबे (१८८१ ते १९५५) हे या संदर्भातील महत्त्वाचे उदाहरण होय. पुढे ते 'मानापमान' (१९११) या नाटकाचे संगीतकार, १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे एक संस्थापक आणि 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटाचे संगीतकार व नायक म्हणून विख्यात झाले. परंतु त्यांच्या हार्मोनियमवादनाचा पाया रीतसर तालमीपेक्षा स्वतःच्या हौशीने, ऐकून आणि घोकून घातला गेला होता. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहिल्याशिवाय संगीत येत नाही, या समजुतीला पेटीने दिलेला हा छेद होता. टेंबे यांच्यासारखा एखादाच कीर्तीच्या शिखरावर गेला. पण त्याच मार्गाने चार पदे शिकून आयुष्यभर संध्याकाळी घरी वाजवीत राहिलेले शेकडो शिक्षक, तलाठी, पोस्टमास्तर आणि दुकानदार या इतिहासाचे खरे नायक आहेत. पु. ल. देशपांडे (१९१९ ते २०००) यांच्यासारख्या साहित्यिकाचे पेटीप्रेम महाराष्ट्राला ठाऊक आहे, ते याच मध्यमवर्गीय परंपरेचे फलित होय.

घाटमाथ्यावरील खेड्यात पेटी पोहोचली ती प्रामुख्याने भजनाच्या मार्गाने. गगनबावड्याच्या खाली सिंधुदुर्ग जिल्ह्यात पखवाज, झांज आणि हार्मोनियम यांच्या साथीने रंगणाऱ्या डबलबारी भजनांची परंपरा आहे. घाटाच्या दोन्ही अंगांच्या गावांतून पोटासाठी मुंबईस गेलेल्या माणसांनी गिरणगावच्या चाळींत भजनी मंडळे चालविली. दहा-बारा जण एका खोलीत राहत, पाळीपाळीने झोपत; तेथे खाजगी जागा नव्हती, पण सामायिक पेटी होती. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाने हे जीवन मोडून टाकले आणि अनेकांना गावी परतावे लागले.

पेटीवरील बहिष्कार

ज्या वाद्याने संगीत घराघरांत नेले, त्याच वाद्याची विद्वानांनी निर्भर्त्सना केली. हार्मोनियममध्ये मींड घेता येत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत, तिचे सप्तक पाश्चात्त्य समविभाजित पद्धतीचे आहे, असे आक्षेप होते आणि शास्त्रीय दृष्ट्या ते निराधार नव्हते. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली आणि त्यानंतरही काही मर्यादा राहिल्या.

या वादात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. रागाची शुद्धता हा मैफलीचा निकष आहे. घरातील विसाव्याचा निकष तो नव्हे. रात्रीच्या जेवणानंतर भूप किंवा भैरवीचे चार स्वर वाजविणाऱ्याला गंधार अतिकोमल लागला की नाही याची चिंता नसते. बंदीच्या तीन दशकांत आकाशवाणीवर पेटी वाजली नाही, परंतु भजनी मंडळांतून आणि माजघरांतून ती वाजतच राहिली. ज्ञानवंतांचे मत आणि लोकांची गरज यांतील अंतर एवढ्या स्पष्टपणे दाखविणारी उदाहरणे सांस्कृतिक इतिहासात थोडीच सापडतात.

शिक्षण, परीक्षा आणि स्त्रिया

पं. विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२ ते १९३१) हे कुरुंदवाडचे. बालपणी फटाक्याच्या अपघातात त्यांच्या दृष्टीस इजा झाली, शालेय शिक्षण खुंटले आणि मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम सुरू झाली. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संगीत हे सभ्य घरातील मुलामुलींनी शिकण्याची विद्या आहे, हा विचार रुजविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा लहान शहरांपर्यंत पोहोचल्या. पेटी शिकणारी मुलगी हे दृश्य निंद्य न राहता प्रतिष्ठेचे झाले.

या बदलाचे एक बोलके उदाहरण डॉ. प्रभा अत्रे (१९३२ ते २०२४) यांच्या चरित्रात आढळते. त्यांच्या घरात संगीताची परंपरा नव्हती. त्यांच्या मातोश्री इंदिराबाई यांची प्रकृती ठीक राहत नसे. गाणे शिकल्याने बरे वाटेल असे स्नेह्यांनी सुचविल्यावरून घरी शिकवणी सुरू झाली. आईने ती फार काळ चालविली नाही. परंतु ती ऐकत असलेली आठ वर्षांची मुलगी शिकू लागली आणि पुढे किराणा घराण्याची श्रेष्ठ गायिका झाली. १९४० च्या सुमारास पुण्यातील एका शिक्षकी पेशातील कुटुंबात स्त्रीच्या अस्वास्थ्यावर संगीत हा उपाय सहजपणे सुचविला जातो, हे सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. जात्यावरच्या ओवीपासून घरातील शिकवणीपर्यंतचे हे अंतर मोठे आहे. मात्र ते प्रामुख्याने शहरी, सुशिक्षित घरांनी कापले. गगनबावड्यासारख्या भागातील शेतकरी व मजूर स्त्रीपर्यंत ते पोहोचले नाही.

परीक्षापद्धतीची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. परीक्षेने संगीताला प्रतिष्ठा दिली, त्याचबरोबर अभ्यासक्रम, गुण आणि प्रमाणपत्रही दिले. विसाव्यासाठी हाती घेतलेले वाद्य हा आणखी एक 'विषय' बनला. ज्या मुलांच्या मनावर शालेय परीक्षांचा भार आहे त्यांच्यावर संगीताच्या परीक्षेचाही भार पडला. 'विशारद' झाल्यावर पेटीचे झाकण पुन्हा न उघडणाऱ्यांची उदाहरणे अध्यापकवर्गास अपरिचित नसावीत.

'ताण' या संज्ञेचा उदय

मानवी दुःख सनातन असले तरी 'ताण' ही वैद्यकीय संज्ञा अलीकडची आहे. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातील टिपणात शरीराच्या सर्वसाधारण प्रतिक्रियेची मांडणी केली आणि १९५६ च्या आपल्या पुस्तकाने ही संकल्पना सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेली. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत संगीताचा वापर झाला. १९४४ मध्ये अमेरिकेत मिशिगन येथे संगीतोपचाराचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५० मध्ये तेथे या क्षेत्राची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला आहे.

मराठीत या अनुभवासाठी पूर्वी इतर शब्द होते : उपासना, रंजन, विरंगुळा, छंद, व्यासंग. प्रत्येक शब्दाने वादनाला वेगळे समर्थन दिले. वारकऱ्याने देवासाठी वाजविले, कारकुनाने विरंगुळ्यासाठी, विद्यार्थ्याने प्रमाणपत्रासाठी; आजचा नोकरदार आरोग्यासाठी वाजवितो. समर्थन बदलत गेले, पण ते देण्याची गरज मात्र संपली नाही. स्वतःसाठी, कोणत्याही लाभाविना, काही काळ घालविणे आपल्या समाजाला अजूनही पुरेसे मान्य नाही, असा याचा अर्थ होतो. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांतील धूळ खात पडलेल्या पेट्या व तबले पुन्हा बाहेर निघाले. मोकळा वेळ मिळताच माणसे वाद्याकडे वळली, ही बाब येथे सूचक आहे.

निष्कर्ष

१. घरगुती वाद्यवादनातून मनाला विसावा मिळविण्याचा व्यवहार महाराष्ट्रात जुना आहे. 'ताणमुक्ती' हे त्याचे केवळ अलीकडचे नाव होय.
२. वाद्यातून विसावा मिळणे हे वाद्यापेक्षा वाजविणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर अवलंबून राहिले. बलुतेदारीतील वादकाला तो मिळाला नाही. स्त्रीला तो कामाच्या आडून मिळवावा लागला.
३. करवीर परिसरात संस्थानी आश्रय, देवल क्लबसारख्या संस्था, मिरजेचे कारागीर आणि संगीत नाटक यांनी अनुकूल वातावरण निर्माण केले; परंतु संगीत सामान्य घरात नेण्याचे श्रेय प्रामुख्याने हार्मोनियमला जाते.
४. गगनबावड्यासारख्या दुर्गम, अतिपावसाच्या भागात घरगुती संगीत हे भजन, ऋतुक्रम आणि स्थलांतर यांच्याशी बांधलेले राहिले.
५. परीक्षाकेंद्री शिक्षणाने वाद्याला प्रतिष्ठा दिली, पण त्यातील मुक्तता काही अंशी हिरावून घेतली.

या निष्कर्षांच्या अनुषंगाने महाविद्यालयांना दोन गोष्टी सहज करता येतील. पहिली, आवारात एक खोली अशी असावी जेथे पेटी, तबला, ढोलकी आणि हलगीही ठेवलेली असेल आणि कोणत्याही जातीचा, शाखेचा मुलगा वा मुलगी तासांच्या मध्ये येऊन ती वाजवू शकेल. तेथे हजेरी, गुण आणि स्पर्धा नसावी. दुसरी, इतिहास व समाजशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील पेटी कोणी, केव्हा, कोठून आणली, ती कोण दुरुस्त करीत असे आणि घरातील कोणाला तिला हात लावण्याची मुभा नव्हती, याच्या मौखिक नोंदी घ्याव्यात. ज्यांच्या स्मरणात ही माहिती आहे ती पिढी वृद्ध झाली आहे. या नोंदी आता झाल्या नाहीत, तर दरबारांचा आणि मैफलींचा इतिहास उरेल. घाटमाथ्यावरील पावसाळी रात्री कंदिलाच्या उजेडात भाता ओढणाऱ्या माणसाचा इतिहास मात्र उरणार नाही.